शिरगणतीचे कागद आणि कुलवृत्तान्तांची चिकित्सा

(अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या टापूच्या अनुरोधानें)

१. प्रस्ताव

बदलापूर भागांतील एका जुन्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताचें हस्तलिखित, तें मंडळातर्फे छापण्यास योग्य आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, चिटणीसांनीं आम्हांकडे पाठविलें होतें. हस्तलिखित सुमारें दोनशें पृष्ठांचें आहे. वंशवृक्षाचे तक्ते परिश्रमपूर्वक काढिलेले आहेत, आणि संपादक गृहस्थांनीं कचेऱ्या, क्षेत्रोपाध्ये व नात्यांतील घरें धुंडाळून सामग्री जमविली आहे. ग्रंथ अद्याप अप्रकाशित असल्यामुळें घराण्याचें नांव येथें देत नाहीं. त्यांतील एका विधानापाशीं मात्र आम्हांस थांबावें लागलें. आणि असलें विधान हल्लीं पुष्कळ कुलवृत्तान्तांत आढळूं लागलें असल्यामुळें त्याची चर्चा खासगी पत्रांत न करितां या पृष्ठांत करणें इष्ट वाटतें.

विधान असें आहे कीं, घराण्याच्या ज्ञात मूळ पुरुषाचें नांव १८८१ च्या सरकारी शिरगणतीच्या पत्रकांत आढळलें; त्या पत्रकाचा मूळ मोडी कागद घराण्याच्या संग्रहीं आहे; आणि त्यांत वय ३० असें दिलें असल्यामुळें मूळ पुरुषाचा जन्म १८५१ सालचा ठरतो. या एका सालावर पुढील तीन पिढ्यांचा कालानुक्रम बसविलेला आहे. अर्थात् हा एक दगड हालला तर वरची सर्व भिंत हालते. म्हणून प्रथम प्रश्न हा कीं, १८८१ च्या शिरगणतीचा असा नांवनिशीवार कागद एखाद्या घरीं असूं शकतो काय? आणि दुसरा प्रश्न हा कीं, नसल्यास, घरीं आहे तो कागद कशाचा?

२. शिरगणतीनें काय लिहिलें व काय राखिलें

मुंबई इलाख्यांत समग्र इलाख्याची पहिली शिरगणती २१ फेब्रुवारी १८७२ रोजीं झाली. तिच्यापूर्वीं १८४६ व १८५१ सालीं लोकसंख्या मोजल्याचे आकडे ग्याझेटियरांतून मिळतात, परंतु ते आकडेच होत. १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत एका रात्रीचा हिशेब धरून गणती झाली, आणि तेव्हांपासून दर दहा वर्षांनीं हा क्रम २०११ पर्यंत अखंड चालला. २०२१ ची गणती मात्र वेळेवर झाली नाहीं; पुढील गणतीसाठीं १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविण्यांत आला आहे.

या गणत्यांत नांवें लिहिलीं गेलीं हें खरें. गांवाचे भाग पाडून घरांस क्रमांक घालीत. गणतीदार घरोघर जाऊन माणसागणिक नांव, वय, जात, धंदा, भाषा हे रकाने भरी. लोकांच्या गैरसमजाचें मूळ येथेंच आहे. नांव लिहिलें होतें, तर तें कोठें तरी असलेंच पाहिजे, असें अनुमान ते करितात. परंतु लिहिणें व राखणें ह्या दोन भिन्न क्रिया होत. पत्रकांचा उपयोग कोष्टकें तयार होईपर्यंत. कोष्टकें छापून झालीं कीं पत्रकांचें प्रयोजन संपलें, आणि तीं नष्ट करण्यांत आलीं. १९०१ पासून माणसागणिक चिठ्ठी करून चिठ्ठ्यांचे ढीग मोजण्याची पद्धति आली, आणि १९४१ सालीं तर युद्धाच्या अडचणींत पत्रकाची पायरीच गाळून गणती थेट चिठ्ठीवर केली गेली. राहिले ते छापील वृत्तान्त आणि कोष्टकें. १८८२ सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत क्याम्बेलसाहेबानें आदल्या वर्षाच्या गणतीचे आकडे वापरले आहेत. त्यांवरून जिल्ह्यांतील व तालुक्यांतील वस्ती कळते, आगरी, कुणबी, कोळी, ठाकूर, कातकरी इत्यादि जातींचें प्रमाण कळतें. परंतु बदलापूरच्या एका घरीं त्या रात्रीं कोण निजलें होतें हें त्यांतून कधींही कळणार नाहीं.

विलायतेंतील उदाहरण पाहून आपल्याकडील कित्येक शोधक फसतात. तेथें १८४१ पासूनचीं नांवनिशीवार पत्रकें जपून ठेविलेलीं आहेत, व शंभर वर्षें लोटल्यावर तीं लोकांस खुलीं होतात; १९२१ चीं पत्रकें जानेवारी २०२२ मध्यें खुलीं झालीं. इंग्लंड व वेल्सचीं १९३१ चीं पत्रकें १९४२ सालच्या आगींत जळालीं, त्याची हळहळ तेथील शोधक अद्याप करितात. आपल्याकडे आगीची वाट पाहावी लागली नाहीं. जें तेथें अपघातानें झालें तें येथें रीतीनेंच झालें. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानें गणतीच्या नोंदी कोणासही पाहतां येत नाहींत, आणि त्या कायद्याखालील खटले सोडून इतरत्र त्या पुरावा म्हणून ग्राह्यही नाहींत. शंभर वर्षांनंतर खुल्या करण्याची तरतूद त्यांत नाहीं.

तात्पर्य, १८८१ च्या शिरगणतीचें नांवनिशीवार पत्रक एखाद्या घरीं आहे असें कोणी म्हणेल, तर सिद्ध करण्याचा भार म्हणणाऱ्यावर आहे, आणि तो भार फार मोठा आहे.

३. गणतीदाराची साक्ष

येथें आमची स्वतःची साक्ष नोंदविणें प्राप्त आहे. कारण गणतीचें काम बहुधा शाळामास्तरांकडे येतें, व १९९१ आणि २००१ या दोन्ही सालीं तें आम्हांकडे आलें होतें. दोन्ही वेळां नेमून दिलेल्या भागांत डोंगराच्या पायथ्याची एक ठाकूरवाडी होती. १९९१ सालीं तेथील एका म्हातारीस आम्हीं वय विचारिलें. तिला तें ठाऊक नव्हतें. तिच्या नातवाच्या वयावरून हिशेब करून आम्हीं ६० लिहिलें. दहा वर्षांनीं तीच म्हातारी त्याच ओटीवर बसलेली होती, आणि आम्हीं पुन्हां तिच्याकडे पाहून ६५ लिहिलें. बाहेर पडून वाट उतरतांना मागचा आकडा स्मरला. दहा वर्षांत पांच वर्षें वाढणारी बाई आमच्या लेखणीनें निर्माण केली होती! परत जाऊन दुरुस्ती करण्याइतकें ऊन उतरलेलें नव्हतें, ही त्या वेळची सबब होती. ती सबब आज पुरेशी वाटत नाहीं.

हा दोष आमच्या एकट्याचा नव्हे. हिंदुस्थानच्या प्रत्येक गणतींत वयाच्या आकड्यांची शून्य व पांच यांवर गर्दी दिसते. तीस, चाळीस, पन्नास वर्षांचीं माणसें अतोनात, आणि एकतीस, एकेचाळिसांचीं विरळा. संख्याशास्त्रज्ञ समूहाच्या आकड्यांत हा दोष कांहीं अंशीं काढूं शकतात. कुलवृत्तान्तकारास एका माणसापुरतें तसें करतां येत नाहीं. म्हणून मूळ पत्रक हातीं लागलें असतें तरी, वय ३० या शब्दावरून १८५१ हें जन्मसाल निश्चित करणें अयोग्यच ठरलें असतें. फार तर १८४६ ते १८५६ च्या सुमारास, इतकेंच म्हणतां आलें असतें.

दुसरा दोष एका रात्रीच्या नियमाचा. १९३१ पर्यंत, जो माणूस त्या रात्रीं जेथें सांपडेल तेथें तो मोजला जाई. पाहुणा यजमानाच्या घरीं मोजला जाई, माहेरीं आलेली सून माहेरीं. आणि गणत्या बहुतेक फेब्रुवारी-मार्चांत होत. या टापूंतील कातकरी लोक भातकापणीनंतर कोळशाच्या भट्ट्यांसाठीं कुटुंबासह रानांत जात, हें प्रसिद्धच आहे. तेव्हां त्या महिन्यांतील आकड्यांवरून अमुक गांवीं कातकऱ्यांची वस्ती नव्हती असें म्हणणें म्हणजे सुगीनंतर शेत पाहून येथें कांहीं पिकत नाहीं असें म्हणण्यासारखें होय.

४. घराण्याच्या संग्रहांतील कागद

संपादकांनीं आमच्या विनंतीवरून मूळ कागद पाहूं दिला, याबद्दल त्यांचे आभार मानिले पाहिजेत. कारण आपला आधार परीक्षकाच्या हातीं देण्यास पुष्कळ लोक कचरतात. कागद एक बंद आहे, वरची कड वाळवीनें खाल्लेली, त्यामुळें मथळा गेलेला. सन १८८१ हीं अक्षरें शिल्लक आहेत. त्याखालीं रकाने: अनुक्रम, तारीख, कोणाचें कोण, जात, वय, आणि शेवटीं एक शब्द असलेला अरुंद रकाना. जात व वय हे रकाने आणि १८८१ हा सन एकत्र पाहून संपादकांनीं ही शिरगणतीच असें ठरविलें. या ठिकाणीं तर्क एक पाऊल आधींच थांबला. त्यांनीं जे रकाने ओळखीचे वाटले तेवढेच वाचले, आणि जे दोन ओळखीचे नव्हते ते सोडून दिले. चिकित्सकानें नेमकें उलट करावयास पाहिजे. जें आपल्या कल्पनेंत बसत नाहीं तें प्रथम वाचावें.

पहिला अनोळखी रकाना तारखेचा. तींत माहे एप्रिलपासून माहे सप्टेंबरपर्यंतच्या तारखा क्रमानें आहेत. शिरगणती १७ फेब्रुवारीस झाली. एका रात्रीच्या कामास सहा महिन्यांच्या तारखा कशास? दुसरा अनोळखी रकाना शेवटचा. त्यांत ताप, पटकी, ताप, देवी, सर्प, पटकी असे शब्द आहेत. जिवंत माणसांच्या गणतींत मरणाचीं कारणें लिहीत नाहींत. म्हणजे हा गांवच्या मृत्यूंच्या नोंदवहीचा बंद होय, ज्या वहीस पुढें लोक कोतवालबुक म्हणूं लागले व जी गांव नमुना १४ म्हणून ओळखली जाते.

आतां प्रस्तुत ओळ पुन्हां वाचूं. संपादकांनीं ती, मूळ पुरुषाचें नांव, जात, वय ३०, अशी वाचली. परंतु रकाना 'कोणाचें कोण' असा आहे, आणि नांवापुढें जोडाक्षरांच्या दाटींत एक लहान शब्द आहे, जो त्यांनीं लेखणीचा फराटा समजून सोडला होता. तो शब्द 'बायको' असा आहे. म्हणजे ओळीचा अर्थ असा कीं, अमुक याची बायको, वय ३०, पटकीनें वारली. १८५१ हें साल मूळ पुरुषाचें नव्हेच. तें, अंदाजानें, त्याच्या पत्नीचें आहे. आणि तिचें नांव लिहिणारानें लिहिलें नाहीं.

याचा परिणाम केवळ एका सालापुरता राहत नाहीं. हस्तलिखितांतील वंशवृक्षांत मूळ पुरुषास एकच पत्नी दाखविली आहे, आणि ती १९०० नंतर बराच काळ हयात होती हें दुसऱ्या कागदांवरून निश्चित आहे. अर्थात् ती द्वितीय संबंधाची. वडील मुलगा १८८१ पूर्वीं जन्मला असें संपादकांनींच शाळेच्या दाखल्यावरून दाखविलें आहे. तेव्हां ज्या वडील शाखेंत खुद्द संपादकांचा जन्म झाला, त्या शाखेची आई वंशवृक्षांत नाहींच. तिच्या जागीं दुसरी स्त्री उभी आहे.

हें आम्हीं संपादकांस कळविलें तेव्हां आरंभीं त्यांस रुचलें नाहीं, आणि तें स्वाभाविक होय. सरकारी शिरगणतींतील मूळ पुरुष गेला, आणि त्याच्या जागीं पटकीच्या वहींतील एक निनांवी बाई आली. परंतु पंधरवड्यानें त्यांचें पत्र आलें. त्यांच्या घरीं भाद्रपदांत अविधवा नवमीस एक सवाष्ण जेवूं घालण्याचा परिपाठ आहे. तो कोणासाठीं हें त्यांच्या आजीसही सांगतां येत नव्हतें. घराण्याची रीत, एवढेंच ती म्हणे. नवऱ्याच्या हयातींत वारलेल्या स्त्रीसाठीं हा दिवस असतो हें वाचकांस सांगणें नको. आम्ही यास पुरावा म्हणत नाहीं. तो परिपाठ दुसऱ्या कोणा स्त्रीचाही असूं शकेल. परंतु जें कागदानें नांवाशिवाय राखिलें, तें घरानेंही नांवाशिवाय राखिलें असावें, ही शक्यता टांकून देण्याजोगी नाहीं.

स्त्रियांचीं नांवें न लिहिण्याची ही रीत त्या एका कोतवालाची नव्हती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं देशांतील सुमारें २८ लाख स्त्रियांनीं, मुख्यत्वें उत्तरेकडील प्रांतांत, स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको वा अमक्याची आई एवढेंच सांगितल्यामुळें त्यांचीं नांवें मतदारयादींतून गाळावीं लागलीं होतीं. सत्तर वर्षांपूर्वींच्या व्यवहारांत इतकें झालें, तर १८८१ च्या कोतवालास काय दोष द्यावा!

५. अंबरनाथ-बदलापूरकडील नांवनिशीवार साधनें

मग या टापूंतील घराण्यानें शोधावें कोठें? उत्तर असें कीं, जो कागद माणसें मोजण्यासाठीं लिहिला नाहीं, तर जमीन, कर, जन्म, मृत्यु, शिक्षण किंवा श्राद्ध यांसाठीं लिहिला, तेथें. मोजणीसाठीं लिहिलेला कागद मोजणी झाल्यावर निकामी होतो. हक्कासाठीं लिहिलेला कागद हक्क आहे तोंवर कोणी तरी जपतो.

पेशवाईंतील खानेसुमारीचे कागद पुण्याच्या दप्तरांत कसब्यांचे व पेठांचे आढळतात, व त्यांत घरवार नोंदी आहेत. कराच्या हिशेबास घर कोणाचें हें कळणें अवश्य होतें. इंग्रजी अमलांत भूमापनाचे व आकारणीचे कागद, आणि १९०३ च्या कायद्यानें सुरू झालेलीं हक्कनोंदीचीं पत्रकें हीं मुख्य साधनें. फेरफाराच्या नोंदींत अमुक मयत, वारस अमुक, असें स्पष्ट लिहिलेलें असतें. वंशावळीस यापरतें सरळ साधन नाहीं. कोतवालबुकाचें महत्त्व वर आलेंच. शाळांच्या दाखल-खारीज वह्यांत बापाचें नांव, जात व जन्मतारीख सांपडते. मात्र जन्मतारीख पुष्कळदां मास्तरांनींच जूनच्या आरंभींची घातलेली असते, हें त्याच पेशांतील माणसाकडून ऐकावें. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूनें स्वहस्तें लिहिलेली पिढ्यांची नामावळी असते, आणि तींत क्वचित् स्त्रियांचींही नांवें असतात.

ग्रामनामांविषयीं येथें एक इशारा देणें अवश्य आहे. आज लोक ज्यास बदलापूर म्हणतात तें बहुतांशीं कुळगांव, बेलवली, मांजर्ली, कात्रप इत्यादि गांवांच्या शिवारावर वसलेलें आहे. आगगाडी १८५६ सालीं आली. स्टेशन कुळगांवच्या बाजूस झालें, आणि नांव मात्र बदलापूरचें पडलें. मूळ बदलापूर गांव पश्चिमेकडे निराळा आहे. तेव्हां बदलापूरच्या दप्तरांत आमचें घराणें नाहीं, म्हणून आम्ही येथले नव्हत, असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं शेजारच्या गांवांचीं दप्तरें पाहावीं. आमच्यापुढील हस्तलिखितांत हा घोटाळा दोन ठिकाणीं झाला आहे. अंबरनाथाकडेही, शहराच्या नांवाखालीं मोरिवली, कानसई हे जुने गांव लपलेले आहेत. शिवाय १९२० नंतरच्या दशकांत तेथें आगपेट्यांचा कारखाना निघाला, त्यानंतरच्या वस्तींत परगांवचे कामकरी पुष्कळ; तेथून पुढील एकूण आकड्यांवरून मूळच्या गांवकऱ्यांविषयीं कांहीं अनुमान करूं नये.

६. उल्हासनगर

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. युद्धकाळीं कल्याणजवळ लष्करी छावणी झाली; फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित ठेविले गेले; आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. अर्थात् १९४१ च्या गणतींत हें गांव नाहीं, आणि १९५१ च्या गणतींत तें एकदम ८० हजारांहून अधिक वस्तीचें शहर म्हणून प्रकट होतें. दोन गणत्यांच्या फटींत जन्मलेलें असें शहर महाराष्ट्रांत दुसरें क्वचितच सांपडेल.

येथील जिज्ञासु तरुण आम्हांस विचारितात कीं, आमचें मूळ सरहद्दीपलीकडे, तेव्हां आम्हीं काय शोधावें? त्यांस प्रथम हें सांगावेंसें वाटतें कीं, १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणून १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या मुंबईच्या शिरगणतींत कल्याण तालुक्याचा आगरी आणि हैदराबाद-शिकारपूरचा लोहाणा एकाच इलाख्याच्या हिशेबांत येतात. ज्यांस आपण १९४७ नंतर आलेले परके समजलों, त्यांचे आजे-पणजे आपल्या आजे-पणज्यांशेजारीं सुमारें साठ वर्षें मोजले जात होते. नांवें मात्र दोघांचींही राहिलीं नाहींत.

नांवांसाठीं उल्हासनगरकरांचीं साधनें अशीं: १९५० च्या दावे-कायद्याखालीं व १९५४ च्या नुकसानभरपाई-कायद्याखालीं निर्वासितांनीं केलेले अर्ज, त्यांवरील निकाल व मिळालेल्या सनदा, पहिल्या निवडणुकीपासूनच्या मतदारयाद्या, शाळांच्या वह्या, आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या, ज्यांत सिंधी कुळांच्याही नोंदी आहेत. याखेरीज १९५१ च्या गणतीबरोबर गांवोगांव तयार केलेलें नागरिकांचें राष्ट्रीय रजिस्टर. त्यांत घरागणिक माणसांचीं नांवें लिहिलेलीं असत. आसामांत याच रजिस्टरावर पुढें केवढा वाद उभा राहिला व २०१९ सालीं नवी यादी कशी निघाली, हें सर्वश्रुत आहे. आपल्याकडे २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठीं तपासावयाच्या कागदांत त्याचा समावेश झाला. घरोघरच्या पेट्यांत हटवाणिका लिपींतील दुकानी वह्याही आहेत. मोडी वाचणारे जसे विरळ झाले तसेच ती लिपि वाचणारेही विरळ झाले आहेत. मोडीच्या वर्गांसाठीं आपण जी खटपट करितों, तिच्यांत या लिपीचाही अंतर्भाव व्हावा, अशी आमची मंडळास सूचना आहे.

दाव्यांच्या अर्जांबाबत एक सावधगिरी. अर्जदारास मालमत्तेच्या आकड्यांत लाभ होता, बापाच्या नांवांत नव्हता. म्हणून हवेलीच्या खोल्या मोजतांना संशय धरावा, आणि बापाचें व गांवाचें नांव बहुधा विश्वसनीय मानावें. ही कसोटी सर्वच साधनांस लागू पडते. ज्या रकान्यांत लिहिणारास वा सांगणारास लाभ होता, तेथें शंका. ज्यांत कोणाचाच लाभ नव्हता, तेथें विश्वास. पटकीच्या वहींतील 'बायको' हा शब्द लिहून कोणास कांहीं मिळावयाचें नव्हतें. त्याचें वजन तेवढ्यासाठींच अधिक.

७. निष्कर्ष व संग्राहकांस विनंती

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलाहार मुम्मुणीच्या काळचा लेख सर्व वाचकांस परिचित आहे. त्याचा शक आरंभीं ७८२ असा वाचला गेला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजींनीं तो ९८२ असा निश्चित केला. एका अंकाच्या वाचनानें देऊळ दोनशें वर्षें मागें-पुढें झालें. परंतु शिला जागेवर होती म्हणूनच दुसऱ्यास ती पुन्हां वाचतां आली. आमच्या प्रस्तुत कागदाचा मथळा वाळवीनें खाल्ला, हें दैव. परंतु तो बंद मूळ वहींतून सुटा होऊन घरीं आला, हें कोणा माणसाचें कृत्य. वही अखंड असती तर मागच्या-पुढच्या पानांवरून हा घोळ क्षणांत मिटला असता.

यास्तव संग्राहक मित्रांस आमची विनंती आहे. एकेक सुंदर वा मौल्यवान बंद निवडून बाकीचा रुमाल रद्दींत जाऊं देऊं नये. कागद कोठून, कोणाकडून व कोणत्या गठ्ठ्यांतून मिळाला हें मागच्या बाजूस नव्हे, तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावें. आणि कागदास मोठें नांव देण्याचा मोह आवरावा. हल्लीं जातीच्या दाखल्यांसाठीं जुन्या नोंदींस किंमत आली आहे. किंमत आली कीं बनावटही मागोमाग येते. आणि बनावट ओळखण्याचें साधन म्हणजे अखंड वही, हेंच होय. २०११ च्या गणतीप्रमाणें उल्हासनगर ५,०६,०९८, अंबरनाथ २,५३,४७५ व बदलापूर १,७४,२२६ वस्तीचें होतें. या नऊ लाखांहून अधिक माणसांपैकीं बहुतेकांची नांवनिशी कोठल्या तरी दुसऱ्या गांवच्या दप्तरांत आहे. तीं दप्तरें सुटीं झालीं तर शोध कायमचा खुंटेल.

प्रस्तुत हस्तलिखिताविषयीं आमचा अभिप्राय असा कीं, तें छापण्यास योग्य आहे. परंतु शिरगणतीचा उल्लेख सर्वत्र काढून तेथें मृत्युनोंदवहीचा बंद असें लिहावें, बंदाची प्रतिकृति छापावी, १८५१ वर उभारलेला कालक्रम पुन्हां तपासावा, आणि बदलापूर-कुळगांव हा घोटाळा दुरुस्त करावा. या सर्व सूचना संपादकांनीं मान्य केल्या आहेत. सुधारलेला वंशवृक्षाचा तक्ता त्यांनीं आम्हांकडे पाठविला आहे. त्यांत मूळ पुरुषाच्या नांवाशेजारीं आतां दोन चौकटी आहेत. पहिलींत नांवाची जागा कोरी असून, खालीं एवढेंच लिहिलें आहे: मृत्यु १८८१, पटकी. कोरी जागा भरण्यासाठीं एखादें नांव कल्पून घालावें असा नात्यांतील कांहींचा आग्रह होता. तो संपादकांनीं मानिला नाहीं. आमच्या मतें साऱ्या ग्रंथांत त्या चौकटीइतकें विश्वसनीय दुसरें कांहीं नाहीं.

इत्यलम्.